उजवी पाकळी पडायच्या आधी

माझा नवरा गेला त्याला आता वर्ष होत आलं. या वर्षभरात मला सगळ्यांत जास्त काय आली असेल तर किळस. दुःख झालंच, अजून होतं, पण दुःख करायला माणसाला जरा एकटं सोडावं लागतं आणि तसं मला कोणी सोडलं नाही. किळस मात्र गर्दीतही येते. मी आमच्या गावच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करते. तिथे येणाऱ्या एका बाईंनी परवा मला सुचवलं, की नवऱ्याबद्दल चार चांगल्या ओळी लिही, मन हलकं होईल. मन हलकं करायची मला हौस नाही. पण लिहायला बसले आहे खरी, आणि ओळी चांगल्याच येतील असं काही कबूल करत नाही.

तो पंप दुरुस्त करायचा. विहिरींवरचे, माडा-पोफळींच्या बागांतले, कोणाच्या हॉटेलातले, कोणाच्या शाळेतले. मालवण तालुका तर त्याच्या पायाखालचा, पण रेडीपासून वैभववाडीपर्यंत कुठूनही फोन यायचा आणि हा स्कूटरला पान्यांची पेटी बांधून निघायचा. पंप उघडण्याआधी तो लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगाला टेकवायचा, मूठ कानाशी लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. मग विचारायचा, "काय गो बाय, खंय दुखता तुका?" पंप त्याच्या लेखी बाईमाणूस. बागेचा मालक शेजारी उभा राहून हसायचा, तर हा गंभीरपणे त्यालाच दम द्यायचा, "हसतास काय? पाण्याशिवाय धावडवलास तिका, बेरिंग खाल्ल्यान तिना." घरी यायचा तो कोपरापर्यंत ग्रीस घेऊन. आधी खोबरेल, मग राख, मग साबण, असा त्याचा हात धुण्याचा सोहळा अर्धा तास चालायचा. तरी जेवायला बसला की बोटांना ऑइलचा वास असायचाच. मी रोज नाक मुरडायची आणि तो रोज तीच बोटं माझ्या नाकासमोर नाचवायचा. त्या वासाची मला एक दिवसही किळस आली नाही. लोकांसमोर मी त्याला 'अहो' म्हणायची आणि घरात 'अरे', आणि घरातच आमचा खरा संसार होता.

आम्हाला एकच मुलगी. ती फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. तिला तो 'डॉक्टर' म्हणायचा. "बाबा, फार्मसी केलेले डॉक्टर नसतत," असं ती दर वेळी सांगायची आणि हा गावभर सांगत सुटायचा, "माका आता दवाखान्याची गरज नाय, डॉक्टर घरातच आसा." कोणाचं डोकं दुखलं तरी तो फोनवर तिला विचारायला लावायचा. ती चिडायची, पण तिला ते आवडायचं. बापाने आपल्यावर एवढा भरवसा टाकला की कुठल्या मुलीला आवडत नाही?

त्या सकाळी मी घावणे केले होते. तिसरा घावणा अर्धा राहिला असताना त्याने ताट सरकवलं आणि छाती चोळत म्हणाला, "जळजळता गो." मुलगी सुट्टीला घरी आली होती. त्याने तिच्याकडे बघून हात पुढे केला, "डॉक्टर, काय तरी दी." ती म्हणाली, "काल बांगड्याचां तिखलां चापलंस, आता जळजळतलां नाय तर काय?" आणि आतून तिच्या पर्समधली ॲसिडिटीची गोळी आणून तिने त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती घेतली. पेटी बांधली आणि गेला. दीड-दोन तासांनी एका बागेत, विहिरीच्या कठड्याशी पंपावर वाकलेला असताना तो आडवा झाला. पन्नाशी त्याने बघितली नाही.

त्या बागेच्या मालकिणीचा फोन आला आणि आम्ही दोघी रिक्षाने तालुक्याच्या दवाखान्यात निघालो. आम्ही पोचायच्या आधीच माझ्या मोबाईलवर जोडलेल्या हातांची चित्रं यायला लागली होती. कोणीतरी तो पडलेला असतानाच त्याचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला होता. शर्ट वर गेलेला, पोट उघडं, एका पायात चप्पल. हा माणूस बनियनवर दारात उभा राहायला लाजायचा. फेरीवाला आला तरी आधी शर्ट शोधायचा. आणि त्याचं उघडं पोट तीनशे माणसांनी बघितलं, खाली फुलं वाहिली आणि पुढचा मेसेज बघायला गेली. ज्याने फोटो काढला त्याने उचलायला हात लावला की नाही, ते मला आजवर कळलेलं नाही. तो माणूस नंतर आमच्याकडे चहाही पिऊन गेला असेल.

डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, ते काय सांगितलं हे लिहायला नको. मग त्यांनी विचारलं, "सकाळपासून काही त्रास होत होता का?" मी म्हणाले, "नाही." आणि म्हणता म्हणता माझी नजर मुलीकडे गेली. एखादाच क्षण. पण त्या नजरेत काय होतं ते मला माहीत आहे, आणि तिलाही कळलं, कारण तिने लगेच मान खाली घातली. इथून पुढे मी लोकांवर बरंच तोंडसुख घेणार आहे, म्हणून हे आधी लिहून ठेवते. पहिली किळस मला आली ती माझी स्वतःची.

मग माणसं यायला लागली. आमच्या पडवीत तेरा दिवस चपलांचा खच होता. येणारा प्रत्येक जण बसायचा, उसासा टाकायचा आणि एकच वाक्य बोलायचा, "सगळ्या गावाचे पंप चालू केल्यान आणि सोताचो बंद पडलो." पहिल्यांदा मी ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा दचकले. सातव्या माणसाने म्हटलं तेव्हा मी उठून आत गेले आणि मोरीत ओकारी काढली. प्रत्येकाला वाटत होतं की हे आपल्यालाच सुचलं. बोलून झाल्यावर तो इकडेतिकडे बघायचा, वाक्य किती जणांना लागलं ते मोजायला. आणि मग चहा. "साखर जरा कमीच घाल गो, माका डायबेटिस." ज्याचा जीव गेला त्याच्या घरी येऊन लोक आपापल्या साखरेचं, गुडघ्यांचं आणि स्टेंटचं सांगत बसले होते. एका गृहस्थांनी तर शर्टाची बटणं काढून छातीवरचा व्रण दाखवला. म्हणाले, मी वेळेवर गेलो म्हणून वाचलो. माझी मुलगी समोर कप उचलत होती. तिच्या हातातला ट्रे वाजला, आणि त्या माणसाला वाटलं, पोरगी दमली.

नाक्यावर फ्लेक्स लागला. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. वर पाच पुढाऱ्यांचे हसरे चेहरे, आणि खाली कोपऱ्यात हा. त्यांच्यापैकी एकही त्याला ओळखत नव्हता, एकाचा पंप मात्र त्याने दोनदा फुकट बघून दिला होता. फोटो आमच्या पुतणीच्या लग्नातला. मी शेजारी उभी होते, मला कापून टाकलं होतं, पण माझी चार बोटं त्याच्या खांद्यावर तशीच राहिली होती. महिनाभर मी त्या नाक्यावरून मान खाली घालून गेले. तेराव्याला जेवणावळ उठली, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे. पुरुषांच्या पंगतीत वाटाणा नीट शिजलाय की नाही यावर चर्चा झाली. ढेकर ऐकू आले. मी आत भिंतीला टेकून बसले होते, आणि मला एवढंच वाटत होतं की तो असता तर या सगळ्याची नक्कल करून त्याने मला हसवलं असतं. त्याला माणसांची किळस कधी आली नाही. तो सगळ्यांना हसून सोडून द्यायचा. ते खातं माझ्याकडे देऊन तो मोकळा झाला होता.

या सगळ्यात मुलगी काही बोलत नव्हती. रडतही नव्हती. जेवायला बसायची, दोन घास घ्यायची आणि मागच्या बाजूला जाऊन ओकून यायची. फार्मसीची पुस्तकं तिने पोत्यात भरून माळ्यावर टाकली. "माका कॉलेजात जावचां नाय," एवढंच म्हणाली. नातेवाईक म्हणाले, बापाच्या दुःखाने. मला माहीत होतं कशाने. गोळीचं आम्हा दोघींशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं, आणि आम्ही दोघीही त्यावर बोलत नव्हतो. मी एकदा तिला न सांगता त्या डॉक्टरांना भेटून आले. गोळीने काही बिघडलं का, असं विचारलं. ते भले माणूस होते, म्हणाले, "गोळीने काहीच बिघडत नाही. पण तेव्हाच इकडे आणलं असतं तर..." आणि थांबले. मी म्हटलं, तर काय? म्हणाले, "तर सांगता येत नाही." तेवढं घेऊन मी घरी आले. हे मुलीला कसं सांगायचं? 'काही बिघडत नाही' एवढंच सांगितलं असतं तर तिने पुढचं विचारलं असतं. ती माझ्यापेक्षा जास्त शिकलेली आहे.

तेरावा झाल्यावर मोठ्या दिरांनी विषय काढला. ते मुंबईला असतात, दिवसांसाठी आले होते. म्हणाले, "धडधाकट माणूस असो जाता काय? देवाक इचारूक व्हयां." नणंदेने मान डोलावली. नणंद गावातच असते, माझ्यापेक्षा मोठी, भावावर तिचा जीव. तिच्या दुःखाला मी नावं ठेवणार नाही, तिच्या तोंडाला ठेवीन. तिनेच पाचव्या दिवशी मला बजावलं होतं की वर्षभर देवळाची पायरी चढायची नाही. आता तीच म्हणाली, "कौलाक घरची बाई व्हयीच. चेडवाक पण घे वांगडा." मुलीलाही बरोबर न्यायची होती. म्हणजे नियम करणाऱ्याही याच आणि मोडणाऱ्याही याच. मी नको म्हटलं. दिरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला काहीतरी लपवायचंय. आणि मला लपवायचं होतंच. म्हणून मी गेले.

कौल म्हणजे काय ते बाहेरच्या माणसासाठी सांगते. गावच्या देवाच्या पाषाणाला पाणी लावून गुरव त्यावर दोन्ही बाजूंनी फुलांच्या पाकळ्या चिकटवतो. प्रश्न विचारायचा आणि सगळ्यांनी त्या पाकळ्यांकडे बघत बसायचं. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. लग्नं, खटले, घराचा पाया, सगळं त्यावर ठरतं. माझ्या नवऱ्याची देवावर श्रद्धा होती, पण कौलावरून येताना तो मला डोळा मारायचा. "देवाक दोनच शब्द येतत, व्हय आणि नाय. मधलां सगळां आमी भरतंव," म्हणायचा. माझं माहेर आंबोलीचं. तिथेही देव आहेत, पण पावसामुळे तिथल्या माणसांना असल्या कामांना फुरसत कमी.

सकाळची वेळ होती. देवळात आम्ही घरचे पाच-सहा जण आणि कारण नसताना आलेले पंधरा-वीस. लोक पुढे सरकून बसले होते. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्यां लेकरू तुझ्या पायाशी इलेलां आसा. ह्यांच्या घरात अवचित मरण झालां, तेचां कारण काय तां दाखव, म्हाराजा." मागून सगळे एका आवाजात, "व्हय म्हाराजा!" त्या आवाजात मला दुःख कुठेच ऐकू आलं नाही. क्रिकेटची मॅच सुरू होताना असतो तसला हुरूप होता.

दिरांनी पहिलं विचारलं, ही कोणाची करणी आहे का? थोड्या वेळाने डावी पाकळी पडली. नाही. दिरांचा चेहरा उतरला. जमिनीच्या हद्दीवरून भांडलेला एक शेजारी त्यांच्या मनात होता हे मला माहीत होतं, आणि तो शेजारी तिथेच खांबाशी बसून घाम पुसत होता. गुरवाने पुन्हा पाकळ्या लावल्या. दुसरं विचारलं, जागेवाल्याचा कोप आहे का? आमच्याकडे प्रत्येक जागेला एक राखणदार असतो. वर्षातून एकदा त्याला कोंबडा द्यायचा, त्याला राखण म्हणतात. ते पुरुषांनी करायचं, बायकांनी त्या जागी जायचं नाही. या प्रश्नाला दोन्ही पाकळ्या हलल्याच नाहीत. लोक कुजबुजले. गुरव म्हणाला, देव अर्धवट प्रश्नाला बोलत नाही, नीट विचारा.

तेव्हा नणंद मागून म्हणाली, "घरातल्याच कोणाच्या हातसून काय चुकलां काय, तां इचारा." आणि दिरांनी ते तसंच्या तसं विचारलं.

सगळ्यांच्या माना पाकळ्यांकडे. मी तिकडे बघितलंच नाही, मी मुलीकडे बघितलं. ती खांबाला टेकून बसली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि डोळे पाषाणावर खिळले होते. ही मुलगी कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकते. ओली पाकळी वाळली की सुटते हे तिला मी सांगायला नको. पण त्या वेळी तिला यातलं काहीही आठवत नव्हतं. पुढून कोणीतरी म्हणालं, "उजवी सुटता, उजवी सुटता." मी वळून बघितलं. खरंच, नखभर घसरली होती. आणि मुलगी खांबाला धरून उभी राहायला लागली. तिने तोंड उघडलं. तिच्या गावासमोर, तिच्या बापाच्या फोटोवर फुलं वाहून पुढचा मेसेज बघणाऱ्या त्या माणसांसमोर ती सांगणार होती. आणि ते तिला जन्मभर सोडणार नव्हते. लग्नाच्या बोलण्यांत, पाणवठ्यावर, तिच्या पोरांच्या बारशात, 'बापाक गोळी दिल्यान ती ह्यां चेडू' म्हणून चघळणार होते.

"माझ्या हातसून चुकलां," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. सगळे वळले. आता पुढे काहीतरी सांगणं भाग होतं, तर तोंडाला आलं ते बोलले. "राखणेचो कोंबो देवक व्हयो म्हणान हे सांगी होते. कशाक जीव मारतास, असां म्हणान मी देवक दिलंय नाय. औंदाची राखण माझ्यापायी चुकली." हे धादांत खोटं होतं. त्याने राखण कधीच चुकवली नव्हती. यंदाही भल्या सकाळी कोंबडा पिशवीत घालून तो गेला होता, मीच पिशवी दिली होती. पण तिथे त्याच्यासोबत कोणी नव्हतं असं मी धरून चालले होते, त्यामुळे मला खोटं पाडणारं माणूस या जगात उरलेलं नव्हतं.

मी बोलून थांबले आणि मग उजवी पाकळी पडली.

"व्हय म्हाराजा!" देऊळ दणाणलं. दातात अडकलेलं निघाल्यावर माणसाचा चेहरा होतो तसे सगळे चेहरे झाले. इतक्या दिवसांनी त्यांना हवं ते मिळालं होतं. धडधाकट माणूस उगाच मरत नाही, आपण उगाच मरणार नाही, बायको हट्टी असली तरच मरतो. नणंद माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "खाल्लंस गो माझ्या भावाक!" मी ऐकून घेतलं. गुरवाने उपाय सांगितला, चुकलेल्या राखणेचा एक आणि माफीचा एक असे दोन कोंबडे, नारळ, आणि ते आजच. दीर लगेच कोंबडे आणायला निघाले. एवढ्या दिवसांत ते इतक्या लगबगीने कशाला उठले नव्हते.

देवळातून घरापर्यंत मळ्यातून पायवाट आहे. मुलगी पुढे आणि मी मागे. ती एकदाही वळली नाही. मला माझीच शिसारी येत होती. ज्या माणसाने आयुष्यात कोणाचं देणं बुडवलं नाही, देवाचंही नाही, त्याला मी भर देवळात बायकोच्या धाकातला, राखण बुडवणारा करून ठेवला होता. त्याच्या मागे त्याचं एवढंच राहिलं होतं, की तो सरळ होता. ते मी स्वतःच्या हाताने पुसलं. तरी मनात म्हणत होते, असू दे. पोरीच्या डोक्यावरचं उतरलं ना, मग असू दे. त्याने मला हेच सांगितलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. माणूस गेला की त्याच्या तोंडी काहीही घालता येतं, हे मी पंधरा दिवस लोकांचं बघत होते आणि आता मीही तेच करत होते.

घरी कोणी नव्हतं. मुलगी मागच्या दारी धुण्याच्या दगडावर बसली. मी उंबऱ्यात. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "कोंबो बाबान दिल्यान होतो. मी वांगडा होतंय."

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. गेली दोन वर्षं तो तिला बरोबर नेत होता. बायकांनी जायचं नसतं म्हणून कोणाला सांगायचं नाही, मलाही नाही, अशी तिला ताकीद होती. "माझ्यामागसून तुकाच देवची लागतली, आता शिकान घे," असं म्हणाला होता. कोंबड्याचे पाय धरायला तिला दिले होते आणि गाऱ्हाणं कसं घालायचं ते शिकवलं होतं. मी विचारलं, काय मागितलं त्याने? ती म्हणाली, "तुझां नाव घेतल्यान. माझां घेतल्यान. सोतासाठी काय मागूक नाय."

आता मात्र मी रडले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा, आणि मोठ्याने.

ती वाट बघत बसली. मग म्हणाली, "मगे खोटां कित्याक बोललंस? पाकळी माझी होती. गोळी मी दिलंय."

तिने ते शब्द उच्चारले. पंधरा दिवस आम्ही दोघी ज्याच्या भोवतीने फिरत होतो ते तिने दगडावर बसून सरळ सांगून टाकलं. आणि तेव्हा मला समजलं, की देवळात मी तिला वाचवलं हेही पूर्ण खरं नाही. मी मलाही वाचवत होते. त्या सकाळचं वर जे लिहिलं आहे त्यात मी एक गाळलं आहे, इतके दिवस गाळतच आले. गोळी तळहातावर घेतल्यावर तो मला म्हणाला होता, "थोडो पडतंय गो." आणि मी म्हणाले होते, "पडतलंस कसलो? तिकडसून तीनदा फोन इलो, जा आधी, येवन पड." मी तांब्याने पाणी दिलं. गोळी गिळून होईतो थांबलेसुद्धा नाही, स्कूटरची किल्ली आणून त्याच्या हातात कोंबली. डॉक्टरांना मी 'त्रास नव्हता' म्हटलं ते मुलीला झाकायला नव्हतं, निदान नुसतं तेवढ्यासाठी नव्हतं. दवाखान्यात मी तिच्याकडे बघितलं, कारण तिच्याकडे बघितलं की माझ्याकडे बघावं लागत नव्हतं.

"पाणी मी दिलंय," मी तिला म्हणाले. "तो पडतंय म्हणा होतो. मी तेका घालवलंय."

मी तिला सगळं सांगितलं, किल्लीसकट. डॉक्टरांचं अर्धं वाक्यही सांगितलं. ती ऐकत होती. माझी खात्री होती की ती उठून निघून जाईल, आणि तिला तो हक्क होता. ती बसूनच राहिली. थोड्या वेळाने दगडावर जरा बाजूला सरकली. मी जाऊन तिथे बसले. आम्ही एकमेकींना माफ वगैरे केलं नाही. माफ करण्याजोगं ते कोणाच्या हातात होतं असं मला अजूनही वाटत नाही. आम्ही नुसत्या बसलो होतो आणि तिला भूक लागली होती, तसं तिने सांगितलं, तर मी सकाळची पेज गरम केली आणि ती तिने खाल्ली.

तिची पेज संपते तोच पुढच्या दारी दीर आणि नणंद आले. मागे देवळातली आणखी सात-आठ माणसं, पुढचं बघायला. दिरांच्या दोन्ही हातांत एकेक कोंबडा, पाय बांधलेला. नणंद मला म्हणाली, "चल, हात लाव आणि माफी माग." मी उठायला लागले. मुलीने मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि स्वतः पडवीत गेली. मला तिची पाठ दिसत होती.

"राखण चुकूक नाय," ती म्हणाली. "बाबान दिल्यान. मी पाय धरलंय कोंब्याचे. आईन खोटां सांगल्यान, माझ्यासाठी."

मग ती म्हणाली, "त्या दिवशी बाबाच्या छातीत जळजळी होतां. गोळी मी दिलंय, पाणी आईन दिल्यान. तुमका व्हयां होतां ना, कोणाच्या हातसून? तर आयका. तो आमच्या दोघींच्या हातचां खावन गेलो."